चित्रांचं कपाट कुणासाठी उघडायचं? विद्यापीठातल्या क्युरेटरच्या कामाविषयी

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी कलेतिहासात एम.ए. केलं आहे. एका विद्यापीठाच्या कलासंग्रहात क्युरेटरची जागा निघाली आहे. जाहिरातीत कामाचं स्वरूप दिलंय: संग्रहाची देखभाल, प्रदर्शनं आणि शैक्षणिक सहभाग. पहिलं मला गोदाम सांभाळण्यासारखं वाटतं. दुसरं खासगी गॅलरीतही करता येईल. तिसऱ्याचा अर्थच लागत नाही. प्राध्यापक नाही, कारकूनही नाही, असा माणूस विद्यापीठात दिवसभर करतो तरी काय?’

या कामात माझी तेवीस वर्षं गेली. सुरुवात तुम्हाला न कळलेल्या तिसऱ्या शब्दापासूनच करते, कारण विद्यापीठ पगार देतं तो मुख्यतः त्याच्यासाठी, निदान द्यायला हवा.

एक सकाळ सांगते. विधी शाखेचे अकरा विद्यार्थी आमच्या अभ्यासखोलीत आले. विषय होता पुराव्याचा कायदा. चित्रं बघायला आणल्याबद्दल निम्म्यांच्या चेहऱ्यावर सरळसरळ कंटाळा. टेबलावर मी तीन कागद मांडून ठेवले होते. एकच निसर्गदृश्य, तिन्ही कागदांवर तेच. प्रत्येकाला एक भिंग दिलं आणि सांगितलं, वीस मिनिटं कुणी काही बोलायचं नाही, फक्त बघायचं आणि टिपायचं. पहिली पाच मिनिटं चुळबुळ झाली. मग एक मुलगी तिसऱ्या कागदावर वाकली ती उठेचना. तिला भिंगातून बारीक ठिपक्यांची जाळी दिसली होती, म्हणजे ती छापखान्यातली प्रतिकृती. पहिल्या दोन कागदांवर ठिपके नव्हते, सलग रेषा होत्या, आणि चित्राच्या चारी बाजूंनी तांब्याच्या पत्र्याची कड कागदात दाबली गेल्याची खूण होती. हाताने कोरलेल्या पत्र्यावरून काढलेले ते ठसे.

मग मी विचारलं, ‘या दोनांतलं मूळ कोणतं?’ एकात सावल्या मखमलीसारख्या गडद होत्या, दुसऱ्यात त्याच जागा करड्या, थोड्या दमलेल्या. पत्र्यावर सुईने ओरखडा काढला की कडेला धातूचा बारीक कंगोरा उठतो. तो शाई धरून ठेवतो म्हणून सावली मऊ आणि दाट येते. दाबयंत्रातून पत्रा जात राहिला की तो कंगोरा चेपतो. म्हणजे एक ठसा आधीचा, एक नंतरचा, हे खरं. पण मूळ? दोन्ही मूळ! किंवा एकही नाही, मूळ तो पत्रा. की पत्रा हे नुसतं साधन? अकरा भावी वकील त्यावर तासभर भांडले. त्यांच्या प्राध्यापकांनी पुढची तीन व्याख्यानं याच तीन कागदांवर घेतली.

त्या तासात मी दहा-बारा वाक्यं बोलले असेन. पण हे तीन कागद निवडायला चार दुपारी लागल्या होत्या. त्याआधी प्राध्यापकांशी बोलताना ‘तुम्हाला कोणती चित्रं दाखवू?’ असं मी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, ‘तुमच्या अभ्यासक्रमात मुलं नेमकी कुठे अडखळतात?’ ते म्हणाले, मूळ कागदपत्र आणि प्रत यातला फरक त्यांना पाठ असतो, कळलेला नसतो. बस्स, पुढचं माझं काम. शैक्षणिक सहभाग म्हणतात तो हा.

तुमच्या लक्षात आलं असेल की हे काम सार्वजनिक संग्रहालयातल्या क्युरेटरपेक्षा बरंच वेगळं आहे. तिथे दारातून किती माणसं आत आली याचा हिशेब असतो आणि वस्तू काचेआड राहते. खासगी गॅलरीत शेवटी चित्र विकलं जायला हवं. विद्यापीठात वस्तू काचेआडून टेबलावर यावी लागते, आणि तीही अशा माणसापुढे, जो ती बघायला मुळात आलेलाच नाही.

ही कल्पना नवी नाही. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन म्युझियम १६८३ मध्ये उघडलं, तेव्हा एकाच इमारतीत वर वस्तूंचं दालन, मधे व्याख्यानाची जागा आणि तळघरात रसायनशाळा होती. तिथला पहिला कीपर, म्हणजे आजच्या भाषेत क्युरेटर, रॉबर्ट प्लॉट हाच विद्यापीठाचा रसायनशास्त्राचा प्राध्यापकही होता. वस्तू बघायची, तिच्याविषयी ऐकायचं आणि खाली जाऊन प्रयोग करायचा! पुढे ज्ञानशाखांच्या भिंती उंच झाल्या आणि कलासंग्रह कलेतिहासवाल्यांचा खाजगी कोपरा होऊन बसला. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९३७ मध्ये आशुतोष म्युझियम काढलं, तिथेही हेतू शिकवण्याचाच होता.

याच ऑक्सफर्डच्या संग्रहात एक डोडो होता. नामशेष झालेला तो पक्षी. अठराव्या शतकापर्यंत तो इतका कुजला की डोकं आणि एक पाय तेवढं राखून बाकीचं टाकून दिलं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच उरलेल्या तुकड्यातून डीएनए मिळवून डोडो हा कबुतरांच्या कुळातला आहे हे पक्कं करता आलं. २०१८ मध्ये त्या डोक्याचं स्कॅनिंग केलं तर कवटीत शिशाचे छर्रे सापडले, म्हणजे त्याला गोळी घातली होती. ज्यांनी ते डोकं राखलं त्यांना डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता. देखभाल म्हणजे गोदाम सांभाळणं, असं तुम्ही म्हणता ना, त्यावर माझं उत्तर हे डोकं आहे. (मी चित्रांची माणूस, पण विज्ञान शाखेच्या अधिष्ठात्यांकडे निधी मागायला जाते तेव्हा डोडोच बरोबर नेते.)

आता देखभालीकडे येऊ. यातला खरा शत्रू चोर नाही, वाळवीही नाही. खरा शत्रू म्हणजे चांगली खिडकी.

प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि परत भरून येत नाही. म्हणून जलरंग, रेखाटनं, छायाचित्रं यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, तैलरंगांना २०० पर्यंत चालतो. थेट ऊन लाखाच्या आसपास जातं. म्हणजे जलरंगातल्या चित्रावर उन्हाची तिरीप एक तास पडली, की ५० लक्सखाली रोज आठ तास असं अडीचशे दिवसांचं आयुष्य एका तासात खर्च झालं. हे गणित मी नव्या मदतनिसाला पहिल्याच दिवशी करायला लावते. आकडा कागदावर दिसला की तो पुन्हा कधी पडदा उघडा टाकत नाही.

विद्यापीठात मात्र पडदे उघडे टाकणारे बरेचदा पदाने आपल्यापेक्षा मोठे असतात. हार्वर्डची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्को यांनी १९६२ मध्ये विद्यापीठासाठी मोठी भित्तिचित्रं रंगवली. १९६४ मध्ये ती वरच्या मजल्यावरच्या एका जेवणाच्या दालनात लावली. दालनाला मोठ्या खिडक्या, बाहेरचं दृश्य सुरेख, मग पडदे कोण ओढून घेणार? रॉथ्को यांनी वापरलेल्या रंगांत लिथॉल रेड नावाचा एक लाल होता, तो उन्हाला अजिबात टिकत नाही. गडद किरमिजी होतं ते वर्षागणिक फिकट निळसर होत गेलं. खुर्च्याटेबलांचे धक्के वेगळेच. १९७९ पर्यंत ती सगळी उतरवून अंधारात ठेवावी लागली. २०१४ मध्ये हार्वर्डने ती पुन्हा दाखवली. रंगाला हात न लावता, जिथे जेवढा रंग उडालाय तिथे तेवढाच रंगीत प्रकाश प्रोजेक्टरने टाकून. प्रदर्शनाच्या दिवसात ठरलेल्या वेळी प्रोजेक्टर बंद करत, आणि प्रेक्षकांसमोर ती चित्रं पुन्हा फिकी पडत.

माझ्याकडे एवढं मोठं काही घडलं नाही. पण एकदा कुलगुरूंच्या कार्यालयातून निरोप आला की साहेबांच्या खुर्चीमागे ‘ते निळं’ चित्र हवंय. ते निळं म्हणजे एक नाजूक जलरंग, आणि खुर्चीसमोर पश्चिमेची खिडकी. मी नाही म्हटलं नाही. दुपारी चार वाजता लक्समीटर घेऊन गेले, तो खुर्चीमागे धरला आणि आकडा त्यांनाच वाचायला लावला. मग विचारलं, ‘सर, हे चित्र दोन वर्षं हवंय की पुढच्या कुलगुरूंनाही बघू द्यायचंय?’ ते हसले. तिथे एक तैलचित्र गेलं, करारासकट: कालावधी सहा महिने, जागा बदलायची तर आधी विचारायचं, फुलदाणी खाली ठेवायची नाही. कुलगुरूंकडून उसनवारीच्या फॉर्मवर सही घ्यायला लाजायचं नसतं. एकदा त्यांनी सही केली की बाकीचे विभागप्रमुख आपोआप करतात.

नोंदवहीबद्दल कुणी उत्साहाने बोलत नाही, पण क्युरेटरची खरी परीक्षा तिथेच होते. विद्यापीठातल्या वस्तू कुणी ठरवून गोळा केलेल्या क्वचितच असतात. एक निवृत्त प्राध्यापक जाताना पेटी ठेवून जातो. एखादा माजी विद्यार्थी चित्रकार होतो आणि दोन चित्रं पाठवतो. एखादा विभाग बंद पडतो आणि त्याच्या भिंतीवरचं सगळं जिन्याखाली जातं. माझ्या पहिल्या नोकरीत चित्रांची संख्या यादीत ६१२ होती. मी मोजली तेव्हा ५८० मिळाली, आणि यादीत नसलेली आणखी ९४. एक चित्र परीक्षा विभागात सूचनाफलक म्हणून वापरात होतं, पाठमोरं, मागच्या बाजूला टाचण्या टोचलेल्या. मोजणीला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत एकही प्रदर्शन झालं नाही, आणि वार्षिक अहवालात माझ्या नावापुढे जवळजवळ काहीच नव्हतं. तरी त्या नोकरीतलं सर्वात महत्त्वाचं काम मी तेच मानते. ज्या वस्तूला क्रमांक नाही ती हरवली तर हरवली हेसुद्धा सिद्ध करता येत नाही.

प्रत्येक वस्तूच्या नोंदीत तीन गोष्टी हव्यातच. ती कुठून, कुणाकडून, कोणत्या कागदाने आली. आज तिची अवस्था काय आहे, म्हणजे डाग, सुरकुत्या, तडे, आणि त्यांचे तिरक्या प्रकाशात काढलेले फोटो. आणि ती या क्षणी कुठे आहे. पहिली गोष्ट सगळ्यात अवघड. जुन्या मूर्ती आणि हस्तलिखितं यांच्या बाबतीत सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार ही सीमारेषा मानली जाते. त्यानंतर वस्तू तिच्या मूळ देशाबाहेर कशी गेली याचा कागद नसेल तर ती घ्यायची नाही, मग देणारा कितीही भला असो. मी एकदा एक सुंदर कांस्यमूर्ती परत पाठवली. त्या देणगीदाराने माझ्याशी बोलणं टाकलं. अजून टाकलेलंच आहे.

देणगीदार हा एकूणच नाजूक विषय. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या कलादालनाची सुरुवात १८३२ मध्ये झाली. चित्रकार जॉन ट्रम्बल यांनी आपली चित्रं विद्यापीठाला दिली, बदल्यात वर्षाला हजार डॉलर मानधन. अट अशी की मेल्यावर आपल्याला त्या चित्रांच्या खालीच पुरावं. १८४३ मध्ये तसं झालं, आणि नंतर चित्रं दुसऱ्या इमारतीत हलली तेव्हा ट्रम्बलही हलले. अशी अट आज कुणी घालणार नाही, पण ‘कायम दर्शनी भिंतीवर’, ‘आमच्या नावाची खोली’, ‘संग्रह फोडायचा नाही’ या घालतात. लिहून घेण्याआधी पन्नास वर्षं पुढचा विचार करा. चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी पती, छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या संग्रहातली आणि स्वतःकडची काही मिळून १०१ कामं १९४९ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाला दिली, विकायची नाहीत या अटीवर. पुढे विद्यापीठ पैशांच्या अडचणीत आलं. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१२ मध्ये अर्धी मालकी तीन कोटी डॉलरना आर्कान्सातल्या एका संग्रहालयाला गेली. आता तो संग्रह दोन ठिकाणी आलटून पालटून राहतो.

त्याआधी, जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्याच ब्रँडाइस विद्यापीठाच्या विश्वस्तांनी मंदीच्या तडाख्यात आपलं रोझ आर्ट म्युझियम बंद करून संग्रह विकायचं ठरवलं होतं. विद्यार्थी, प्राध्यापक, देणगीदार सगळे उठले, खटला झाला आणि २०११ मध्ये तडजोड होऊन संग्रहालय वाचलं. विद्यापीठाच्या ताळेबंदावर नजर फिरवणाऱ्याला चित्र म्हणजे भिंतीवर टांगलेली रोकड दिसते. त्याच्याशी ‘कला अमूल्य आहे’ असं म्हणून वाद घालाल तर हराल, कारण त्याच्याकडे मूल्यांकनाचा आकडा असतो. तुमच्याकडेही आकडा हवा: गेल्या वर्षी किती विभागांचे किती वर्ग संग्रहात झाले, किती प्रबंधांत आपल्या वस्तू आल्या. मी ही वही पहिल्या वर्षापासून ठेवते. येलच्याच वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचा २००१ मधला एक अभ्यास कामाचा आहे. ज्यांना संग्रहालयात नेऊन चित्रांचं बारकाईनं वर्णन करायला लावलं, ते नंतर रुग्णांच्या छायाचित्रांतली लक्षणंही बाकीच्यांपेक्षा चांगली टिपू लागले. माझ्याकडचे पहिले ठाम समर्थक वैद्यकीय शाखेतूनच मिळाले, ललितकला विभागातून नाही. तिकडच्यांना वाटायचं मी त्यांच्या हद्दीत शिरते आहे, आणि अगदीच चुकीचं नव्हतं ते.

प्रदर्शनांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याविषयी तुम्हाला बहुधा माहिती आहे. दोनच गोष्टी. विद्यार्थ्यांना प्रदर्शन उभारायला द्या, आणि खरंखुरं द्या, म्हणजे वस्तू निवडणं, नाकारणं, वर्णनपट्ट्या लिहिणं, सगळं. माझ्याकडच्या एका चमूने पहिल्या मसुद्यात एका पट्टीवर १८० शब्द लिहिले होते, त्यात ‘अवकाश’ हा शब्द सात वेळा. मी सांगितलं, भिंतीसमोर उभं राहून एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवा. चौथ्या ओळीला वाचणाराच हसू लागला. शेवटी ५५ शब्द उरले आणि त्यात चित्रातल्या कुत्र्याचा उल्लेख आला, जो आधीच्या १८० मध्ये कुणाला दिसलाच नव्हता. दुसरी गोष्ट, तक्रारी येतील. नग्नचित्राबद्दल, एखाद्या देवाच्या चित्रणाबद्दल, राजकीय पोस्टरबद्दल. चित्र उतरवायचं की नाही हे तक्रार आल्यावर ठरवू नका. प्रदर्शन उघडण्याआधी समितीकडून एका पानाची कारणमीमांसा मंजूर करून ठेवा. मी ती एकदा केली नव्हती आणि एक चित्र रात्रीतून उतरवलं गेलं. माझ्या नकळत, माझ्याच किल्लीने.

पीएच.डी. लागते का? मोठ्या विद्यापीठांत आता बरेचदा मागतात, कारण प्राध्यापक तुम्हाला बरोबरीचं मानतील की नाही हे दुर्दैवाने त्यावरही ठरतं. पण पदवी असून वस्तू हातात कशी धरायची हे न येणारे मी पाहिलेत. चौकट वरच्या कडेने उचलायची नाही, एक हात खाली एक हात बाजूला. कागद हाताळताना स्वच्छ, कोरडे हात बरेचदा सुती हातमोज्यांपेक्षा बरे, कारण मोज्यात बोटांना कागदाची कड जाणवत नाही. हे आधी कुठेतरी संवर्धकाच्या, म्हणजे जुन्या वस्तू दुरुस्त करून टिकवणाऱ्याच्या, हाताखाली सहा महिने राहून शिका.

आणि मुलाखतीला जाल तेव्हा विचारा: हे पद कुणाच्या हाताखाली येतं? ग्रंथालयाच्या, ललितकला विभागाच्या, की जनसंपर्क कार्यालयाच्या? जनसंपर्कवाल्यांच्या हाताखाली असेल तर तुमची निम्मी वर्षं पाहुण्यांच्या स्वागतात जातील. संग्रह घेण्याचं आणि काढून टाकण्याचं लेखी धोरण आहे का? शेवटची मोजणी कधी झाली? ‘नक्की सांगता येणार नाही’ हे उत्तर आलं तर घाबरू नका, ते निदान प्रामाणिक आहे. ‘सगळं संगणकावर आहे’ असं उत्तर आलं तर एक क्रमांक निवडून ती वस्तू दाखवा म्हणा.

मग साठवणखोली बघायला मागा. वरून पाण्याचे पाइप जातात का ते बघा, दाराची किल्ली कितीजणांकडे आहे ते विचारा, आर्द्रतामापकाची बॅटरी संपलेली आहे का ते पाहा. या सगळ्या गोष्टी दुरुस्त होतात. पण खोलीत किंवा तिच्या शेजारी एक मोठं रिकामं टेबल आणि त्याभोवती दहा-बारा माणसं उभी राहतील एवढी जागा आहे का, हे नीट बघा. नसेल, तर ते कधी आणि कुठे मिळेल हे नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या. मी पहिल्या नोकरीत तोंडी आश्वासनावर राहिले. टेबल मिळायला चार वर्षं लागली, आणि ती चार वर्षं माझ्याकडे एकही वर्ग आला नाही.